दहा हजार तासांची हमी कुणी दिली?

दहा हजार तास रियाझ केला की कोणीही निष्णात होतो, हे विधान फोंडा-म्हापशातल्या संगीतवर्गांतही सर्रास ऐकू येते आणि त्याच्या भरवशावर मुलांची वर्षे आखली जातात. असा नियम मूळ संशोधनात नाही. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील सर्वोत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरी १०,००० तासांच्या घरात होता, म्हणजे काही जण त्याहून बरेच मागे होते, आणि ते सगळे तेव्हा शिकतच होते. २००८ मधल्या एका लोकप्रिय इंग्रजी पुस्तकाने या सरासरीचा नियम केला, ज्यावर खुद्द एरिक्सन यांनी आक्षेप घेतला. २०१४ मध्ये अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात माणसामाणसांतल्या संगीत-प्रावीण्याच्या फरकापैकी सुमारे २१ टक्के, तर शिक्षणात जेमतेम ४ टक्के वाटा सरावाचा आढळला. (त्यातली सरावाची व्याख्या एरिक्सन यांना मान्य नव्हती, हेही खरे.) तेव्हा गाणे पुढे न्यावे की नोकरी धरावी, हे ठरवताना नुसती तासांची बेरीज फारशी कामाची नाही, वर्षभरात गळ्यात काय उतरले, चूक दाखवणारा गुरू आहे का आणि त्याच वेळात दुसरे काय साधले असते, हे आधी पाहावे.