ध्वनिसंवेदी रोषणाई

मायक्रोफोनने टिपलेल्या आवाजाच्या चढउतारानुसार एलईडी दिव्यांचे तेज, रंग किंवा पेटलेल्या दिव्यांची संख्या बदलणारी रचना. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गणेश मंडपांत आणि बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांवर या हौशी प्रयोगाला हक्काची जागा आहे. ढोल, हलगी आणि डॉल्बी हाताशीच असतात.

रचनेचा मेंदू बहुधा आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड असतो. आर्डुइनोचा जन्म २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी, विद्यार्थ्यांसाठी झाला. मायक्रोफोनचा क्षीण संकेत मॅक्स४४६६ सारखा प्रवर्धक (अँप्लिफायर) २५ ते १२५ पट वाढवतो आणि उनो तो ० ते १०२३ या आकड्यांत वाचतो. एलएम३९३ चिप असलेली मायक्रोफोनची स्वस्त पट्टी मात्र टाळावी. तिच्या डिजिटल टोकावर आवाज ‘आहे’ की ‘नाही’ एवढेच कळते.

शांततेत आकडा शून्य नसतो, ५१२ च्या आसपास असतो. नवख्यांचा पहिला घोटाळा इथेच होतो. आवाज म्हणजे या मध्यरेषेच्या वरखाली होणारे हेलकावे. म्हणून ५० मिलिसेकंद सतत वाचून सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांतला फरक घेतात. २० हर्ट्झच्या खर्जाचे एक आवर्तनही तेवढ्यात पुरे होते.

खरी परीक्षा मंडपात. घरी टाळीला झकास उजळणारी माळ डॉल्बीसमोर नेली की पूर्ण पेटते आणि तशीच राहते. प्रवर्धकाची मर्यादा संपलेली असते; ते प्रोग्रॅमने सुधारत नाही, पेचकस घेऊन प्रवर्धनच उतरवावे लागते. त्यानंतर ताजा आकडा गेल्या काही सेकंदांच्या सरासरीशी ताडून पाहावा, म्हणजे गोंगाट कितीही असला तरी थाप वेगळी उठून दिसते. हलगीची थाप तुटक; तिच्याबरोबरच दिवा विझवला तर नुसती फडफड होते. झटकन उजळावा, सावकाश मावळावा.

ढोलाला एक रंग आणि हलगीला दुसरा द्यायचा तर वारंवारता वेगळ्या कराव्या लागतात. उनो सेकंदाला सुमारे ९,००० वेळा वाचतो, त्यामुळे त्याला ४,५०० हर्ट्झपर्यंतचेच आवाज ओळखता येतात. एमएसजीईक्यू७ ही चिप ६३ हर्ट्झ ते १६ किलोहर्ट्झपर्यंतचे वारंवारतेचे सात पट्टे आयते देते.

डब्ल्यूएस२८१२बी जातीचा एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह खातो. मीटरभर लांबीच्या माळेत ६० दिवे असले तर ३.६ अँपिअर. हा भार बोर्डावर न टाकता ५ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा घ्यावा. दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोक) मात्र जोडलेले हवे.

ब्रेडबोर्डवरची, म्हणजे तारा नुसत्या खोचून केलेली, जोडणी ट्रॅक्टरच्या हादऱ्यांत टिकत नाही. चित्ररथावर चढवण्याआधी सगळे जोड सोल्डर करावेत, आणि मायक्रोफोन ट्रॉलीच्या फळीला न चिकटवता फोमच्या तुकड्यावर बसवावा. फळीचा हादराही त्याला आवाजच वाटतो. शेजारी जनरेटर असेल तर विचारूच नका.