ताप, खाडा आणि दाखला: चालकांच्या आजारपणाच्या नियमांची पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यात रावेर-सावद्याकडे केळीचा ट्रक भरला की थांबत नाही. माल नाशवंत आणि बाजार लांबचा. चालकाला ताप असला तरी गोळी घेऊन तो स्टिअरिंगवर बसतो, कारण खाडा पडला की त्या ट्रिपचा भत्ता गेला. पुढे सुरतेच्या वाटेवर कोंडाईबारीचा घाट, इंदूरच्या वाटेवर पळासनेरचा घाट. ही वेळ येते ती दोन कायद्यांच्या फारकतीमुळे. चालक गाडी चालवायला लायक आहे का, हे एका कायद्याने पाहिले. आजारी पडल्यावर त्याचे घर कसे चालेल, हे दुसऱ्याने. दोघांची गाठ कधी नीट पडलीच नाही.

लायकीची वाट जुनी आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातच पगारी चालकाला डॉक्टरी दाखला लागे. १९८८ चा कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम आल्यावर तो नमुना १-अ झाला. २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, कानाला हॉर्न ऐकू येतो का, हे त्यात डॉक्टरने तपासून लिहायचे. फिट किंवा अचानक चक्कर येते का, हे नमुना १ मध्ये चालक स्वतः लिहून देतो. तिथे 'होय' लिहिले तर रोजीच जाते, म्हणून बहुतेकदा 'नाही' लिहिले जाते. नमुन्याची रचनाच खरे बोलणाऱ्याला शिक्षा करते.

शिवाय दाखला एका दिवसाचे चित्र सांगतो. व्यावसायिक परवान्याचे नूतनीकरण आधी दर ३ वर्षांनी होई, २०१९ च्या दुरुस्तीने ते ५ वर्षांवर गेले. मधल्या काळात मधुमेह जडतो. औषध घेऊन जेवण चुकले की साखर ७० च्या खाली उतरते, हात थरथरतात, नजर धूसर होते. सर्दीच्या साध्या गोळीने डोळे मिटू लागतात. त्यासाठी मोटार वाहन कायद्यात कलम १८६ आहे: आपल्या आजारामुळे लोकांना धोका आहे हे माहीत असताना गाडी चालवली तर पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड. कलम १८८ मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्याप्रमाणे आजारी चालकाला गाडीवर चढवणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे.

कायमचा अनफिट ठरलेल्याचे काय? राजस्थान परिवहन महामंडळाने दृष्टी अधू झालेल्या चालकांना घरी पाठवले होते. १९९० अखेर सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पर्यायी काम किंवा भरपाई द्यायला सांगितले. पुढे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४७ ने आणि २०१६ च्या कायद्याच्या कलम २० ने सरकारी आस्थापनांत हे बंधनच केले: सेवेत अपंगत्व आले तर त्याच पगारावर दुसरे काम. एसटीच्या चालकाला हा आधार आहे, खासगी ट्रकवाल्याला नाही.

रजेची वाट १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यापासून निघते. सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते. पहिले दोन दिवस साधारणपणे कोरडे, म्हणजे बिनपैशांचे जातात, आणि दोन दिवसांच्या तापात चालक गाडी सोडत नाही तो यामुळेही. बरे झाल्यावरचा अंतिम दाखला 'कामावर जाण्यास योग्य' एवढेच सांगतो. रात्रभर चाळीस टनी गाडी हाकण्याची तपासणी त्यात नसते.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, दोन ड्युट्यांमध्ये सलग ९ तास विश्रांती आणि २० दिवसांमागे एक भरपगारी रजा दिली. आजारपणाची वेगळी रजा त्यात नव्हती. तरी तो पाच कामगारांपासून लागू होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. रजेसाठी आता २४० ऐवजी १८० दिवसांचे काम पुरते, हे चांगलेच झाले. पण लागू होण्याची मर्यादा दहा कामगारांवर गेली. एरंडोल-पारोळ्याच्या एखाद्या मालकाकडे तीन ट्रक, तीन चालक, तीन क्लीनर असतील, तर ही सहा माणसे काल कायद्यात होती, आज बाहेर आहेत.