पंचेचाळीस टक्क्यांची गोष्ट

१९ सप्टेंबर २०१४. सकाळी सहाच्या सुमारास फाइफ भागाचे आकडे आले आणि उरलीसुरली धाकधूक संपली. सार्वमतात ब्रिटनमधून बाहेर पडायला स्कॉटलंडने नकार दिला होता. ‘नाही’ म्हणणारे २० लाख १ हजार ९२६, ‘हो’ म्हणणारे १६ लाख १७ हजार ९८९. म्हणजे ५५.३ टक्के विरुद्ध ४४.७ टक्के. ‘थोडक्यात हुकलं’ असं म्हणायचीही सोय राहिली नव्हती. स्वातंत्र्याच्या बाजूचे प्रमुख नेते आणि स्कॉटिश सरकारचे प्रमुख अ‍ॅलेक्स सॅमंड यांनी त्याच दिवशी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

हरणाऱ्यांचं पुढे काय होतं हे आपण गल्लीपासून दिल्लीपर्यंत बघत आलो आहोत. मांडव उतरतो, कार्यकर्ते पांगतात आणि खापर फोडायला एखादं डोकं शोधलं जातं. स्कॉटलंडमध्ये मात्र भलतंच घडलं. सॅमंड यांच्या स्कॉटिश नॅशनल पार्टीचे सार्वमतापूर्वी जेमतेम पंचवीस हजार सदस्य होते. निकालानंतर अर्जांची रीघ लागली आणि पुढच्या मार्चपर्यंत सदस्यसंख्या लाखाच्या वर गेली. मे २०१५च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत या पक्षाने स्कॉटलंडमधल्या ५९ पैकी ५६ जागा घेतल्या. आठ महिन्यांपूर्वी दहा टक्क्यांनी आपटलेल्या बाजूचा हा पराक्रम!

हे कसं घडलं याचं उत्तर शोधायला राजकारणापेक्षा मानसशास्त्राचा जास्त उपयोग होतो. सुरुवात मतपत्रिकेवरच्या प्रश्नापासूनच करायला हवी.

स्कॉटिश सरकारला आधी असा प्रश्न विचारायचा होता: ‘स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा, याच्याशी तुम्ही सहमत आहात का?’ ब्रिटनच्या निवडणूक आयोगाने तो लोकांना दाखवून तपासला आणि २०१३च्या जानेवारीत सांगितलं की ‘सहमत आहात का’ काढून टाका. कारण साधं आहे. समोरच्याने ‘पटतंय ना?’ असं विचारलं की माणसाची मान आपोआप हलते. ही री ओढण्याची सवय सर्वेक्षण करणाऱ्यांना चांगली ठाऊक असते, आणि विषय गुंतागुंतीचा असेल तेव्हा ती जास्त जाणवते. शेवटी मतपत्रिकेवर सहा शब्द उरले: ‘स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का?’ खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

मला विचाराल तर खरी जादू प्रश्नापेक्षा त्या दोन चौकोनांत आहे.

स्कॉटलंडमधले संशोधक लोकांना ओळखीबद्दल विचारतात तेव्हा पाच पर्याय देतात: फक्त स्कॉटिश, ब्रिटिशपेक्षा स्कॉटिश जास्त, दोन्ही सारखंच, स्कॉटिशपेक्षा ब्रिटिश जास्त, फक्त ब्रिटिश. मधल्या पायऱ्यांवर भरपूर माणसं सापडतात. ओळख म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर आहे, एकावरून दोनवर, दोनवरून तीनवर सरकणारा. मतपत्रिका म्हणजे दिव्याचं बटण. सार्वमताने लाखो रेग्युलेटर एका दिवसात बटणात बदलले.

असं झालं की काय होतं, हे हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांवर करून पाहिलं होतं. ताजफेल पोलंडमधला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैनिक म्हणून तो जर्मनांच्या कैदेत राहून वाचला, घरचे मात्र वाचले नाहीत. माणसं ‘आपले’ आणि ‘परके’ कशी ठरवतात हा प्रश्न त्याच्यासाठी नुसता पुस्तकी नव्हता. त्याने मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, आवडीनुसार तुमचे गट पाडलेत असं सांगितलं, आणि प्रत्यक्षात गट वाटेल तसे पाडले. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्यातही गंमत अशी की आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण ‘त्यांच्या’पेक्षा जास्त हवं, याकडे अनेकांचा ओढा होता.

चार चित्रं बघून एवढं होत असेल, तर दोन वर्षं काय करतील? मतदानाचा रीतसर करार ऑक्टोबर २०१२मध्ये एडिंबरोत झाला, मतदान सप्टेंबर २०१४मध्ये. मधल्या काळात चहाच्या टेबलावर, पबमध्ये, शाळेत हाच विषय. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही मताधिकार होता. प्रत्यक्षात ८४.६ टक्के मतदान झालं. खिडक्यांत ‘यस’चे निळे फलक झळकत होते, त्या मानाने ‘नाही’वाले घरात गप्प होते. निकालानंतर ‘हो’वाल्या अनेकांनी ‘४५’ हा आकडाच बिल्ल्यासारखा मिरवायला सुरुवात केली. पराभवाच्या टक्केवारीचं गटाच्या नावात रूपांतर होताना मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पंचावन्नचा बिल्ला कुणी फारसा लावला नाही. जे आहे तेच राहू दे म्हणणाऱ्यांना एकत्र बांधणारं त्यानंतर काही उरलंच नव्हतं.

आकडेही हेच सांगतात. स्कॉटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स ही तिथली जुनी पाहणी लोकांना स्वातंत्र्य, ब्रिटनमध्ये राहून स्वतःची संसद, आणि वेगळी संसदच नको, असे पर्याय देते. तीत स्वातंत्र्य निवडणारे २०१२मध्ये २३ टक्के होते, २०१४मध्ये ३३, आणि २०१६मध्ये ४६. अधल्यामधल्या काळात ब्रेक्झिटचं सार्वमतही झालं, स्कॉटलंडचे ६२ टक्के मतदार युरोपीय संघात राहू म्हणाले होते, त्याचा रागही यात असेल. पण २०१५मध्येच आकडा ३९वर गेला होता. म्हणजे चढण आधीच लागली होती. मत मोजायला गेलेल्या सार्वमताने मत घडवलंही.

५६ जागांचं गणित मात्र मानसशास्त्राने पूर्ण सुटत नाही, तिथे शाळेतलं अंकगणित लागतं. सार्वमतात ‘नाही’च्या छत्रीखाली मजूर, हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट एकत्र उभे होते. निवडणुकीत छत्री मिटली आणि तिघे तीन दिशांना गेले. ‘हो’वाले बहुतांश एकाच पक्षामागे राहिले. ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, या पद्धतीत पन्नास टक्के मतांवर ९५ टक्के जागा मिळाल्या.

गोव्याच्या जुन्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. १६ जानेवारी १९६७च्या ओपिनियन पोलमध्ये ‘दोन पानां’नी (गोवा वेगळा राहू दे) ‘फुला’ला (महाराष्ट्रात विलीन करा) हरवलं, विलीनीकरण फेटाळलं गेलं. वैध मतांत हिशोब केला तर तिथेही साधारण ५५ विरुद्ध ४५च. आणि दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष ३० पैकी १६ जागा जिंकून पुन्हा सत्तेवर आला, बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. दोन्हीकडची कारणं वेगळी, पण एका प्रश्नावर हरलेला पक्ष त्यामुळे निवडणूकही हरेल असं नसतं, हे दोन्हीकडे दिसलं.

मोजण्याने मोजली जाणारी गोष्ट बदलते, याचा आणखी एक नमुना स्कॉटलंडच्या मतदानाच्या दहा-अकरा दिवस आधी दिसला. यूगव्ह या सर्वेक्षण कंपनीच्या एका जनमत चाचणीत ‘हो’ला ५१ आणि ‘नाही’ला ४९ टक्के मिळाले. हजारभर माणसांच्या चाचणीत तीनेक टक्के इकडेतिकडे होणं गृहीतच असतं. त्यामुळे दोन टक्क्यांची आघाडी म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण पौंड घसरला, लंडनमधले तिन्ही मोठ्या पक्षांचे नेते संसदेतला प्रश्नोत्तरांचा तास सोडून स्कॉटलंडला धावले, आणि १६ सप्टेंबरला ‘डेली रेकॉर्ड’ या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर त्यांचं सहीनिशी वचन छापून आलं: ‘नाही’ म्हणा, जास्त अधिकार देऊ. शेवटच्या चाचण्यांत अंतर सुमारे चार टक्के होतं, पेट्यांतून निघालं त्याच्या दुपटीहून जास्त.

दुसऱ्या सार्वमताची वाट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये अडवली: लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला तसा कायदा करता येणार नाही. त्याआधीच भांडण पुन्हा त्या सहा शब्दांवर येऊन ठेपलं होतं. २०१६च्या ब्रेक्झिट सार्वमतात आयोगाने हो-नाही मोडीत काढून ‘राहावं’ की ‘सोडावं’ असे पर्याय सुचवले होते. स्कॉटलंडचा प्रश्नही नव्याने तपासू द्या, असं आयोगाचं म्हणणं होतं. जुनाच चालेल, असं स्कॉटिश सरकारचं. हट्ट समजण्यासारखा आहे. जनमत चाचण्यांत ‘राहावं की सोडावं’ असं विचारलं की स्वातंत्र्याचा आकडा खाली येतो, आणि ‘४५’चा बिल्ला लावलेल्या माणसाला ‘हो’ या शब्दावर पाणी सोडा असं कोण सांगणार?