रायफलचा टेकू (शिकारीतील)

नेम धरताना रायफलचा पुढचा भार हातावर न ठेवता जमिनीवर, झाडावर किंवा मचाणाच्या कठड्यावर उतरवणारे आणि शिकाऱ्याला स्वतः वाहून नेता येईल असे साधन. एकपायी काठी, जोडकाठी (दोन बांधलेल्या काठ्या), तिकाटणे (तीन काठ्यांचे), दस्त्याखाली (नळी ज्यात बसते त्या अंगाखाली) जोडायचा घडीचा दोन पायांचा बायपॉड, छायाचित्रकारांच्या ट्रायपॉडवर बसवलेला चिमटा आणि वाळूची किंवा दाण्यांची पिशवी हे त्याचे रूढ प्रकार होत. नेमबाजी केंद्रात मेजावर ठेवायचे जड लोखंडी टेकू या नोंदीत धरलेले नाहीत.

इतिहास : जड बंदुकीला बेचक्याचा (वर दुफाटा असलेल्या काठीचा) आधार देण्याची पद्धत कोठे सुरू झाली याविषयी एकमत नाही. पंधराव्या शतकात जर्मन प्रदेशांत वापरात असलेल्या आकडा-बंदुकीच्या नळीखाली लोखंडी आकडा असे. तो तटाच्या कडेला अडकवला की धक्का भिंत घेई. बेचके म्हणजे या आकड्याचेच, तट नसलेल्या मैदानासाठी झालेले रूपांतर, असे एक मत आहे. दुसरे मत मार्तँ द्यु बेले या फ्रेंच वृत्तांतकाराच्या विधानावर उभे आहे. १५२१ मधील पार्माच्या वेढ्यात बेचक्यावरून डागायच्या बंदुका प्रथम निघाल्या, असे तो म्हणतो. मात्र हा वृत्तांत मागाहून लिहिलेला आहे, आणि एखादी वस्तू शत्रूच्या हाती पहिल्यांदा दिसणे म्हणजे तिचा शोध लागणे नव्हे. त्यामुळे १५२० ते १५३० च्या सुमारास इटलीतील युद्धांत स्पॅनिश सैन्यामुळे बेचक्याचा प्रसार झाला, एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित वाटते. त्या काळच्या जड मस्केट बंदुकीचे वजन सुमारे ७ ते ९ किग्रॅ. असे. याकोब द घाइन याच्या १६०७ मधील कवायतीच्या चित्रांत बंदूक, पेटता तोडा (बार पेटवायची वात) आणि बेचके ही तिन्ही एका शिपायाने कशी सांभाळायची हे टप्प्याटप्प्याने दाखवले आहे. बेचके मोडीत काढण्याचे श्रेय स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ (कार. १६११–३२) याला देण्याची प्रथा आहे. तथापि त्याच्यानंतरही स्वीडिश सैन्यासाठी बेचकी घेतली जात असल्याचे दिसते. बंदुका हलक्या होत गेल्या तसे सतराव्या शतकाच्या मध्यास ते हळूहळू लोपले, हे मत ग्राह्य धरावे.

आशियात वेगळी घडण आढळते. युरोपीय बेचके ही सुटी काठी होती. तिबेट व मध्य आशियातील तोड्याच्या बंदुकीला मात्र दोन शिंगे बिजागरीने दस्त्यालाच जोडलेली असत. तिबेटी बंदुकांत ती बहुधा कुरंगाची (अँटिलोपची) असत. भारतीय तोडेदार बंदुकांपैकी काहींनाही अशी घडीची दोपायी आढळते. तोड्याची बंदूक भारतात मुख्यतः पोर्तुगीजांकडून आली की तुर्की-इराणी मार्गाने, हा वाद जुना आहे. दोपायीची जोडणी खुष्कीच्या मार्गावरील प्रदेशांत सारखी असल्याने निदान एवढ्या भागापुरता दुसरा पक्ष बळकट वाटतो. मुघल शिकारचित्रांत नोकराच्या खांद्यावर नळी टेकवून नेम धरलेलाही दिसतो. मराठी कागदपत्रांतील जेजाला (लांब, जड बंदुका) आणि जंबुरे (लहान तोफा) तटावर किंवा उंटावर बसवलेले असल्यामुळे त्यांचा आधार वाहून नेण्याच्या टेकूत मोडत नाही.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबई राज्यात १९५१ च्या वन्य पशू व वन्य पक्षी संरक्षण कायद्याने शिकारीवर नियमन आले. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि विशेषतः त्याच्या १९९१ मधील दुरुस्तीने हौशी शिकार संपुष्टात आली. माणसाला किंवा पिकाला उपद्रव देणाऱ्या प्राण्याबाबत कलम ११ अन्वये दिलेली लेखी परवानगी हा मर्यादित अपवाद. त्यामुळे शिकारीचा टेकू निवडण्याचा प्रश्न आज मुख्यतः दक्षिण आफ्रिका, नामिबिया, स्कॉटलंड अशा, परवान्याने शिकार चालणाऱ्या देशांपुरता आहे. वरळी येथील महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या केंद्रासारख्या ठिकाणी ऑलिंपिक प्रकारांचा सराव करणाऱ्या मुंबईकर नेमबाजांना टेकूची सवय नसते, कारण त्या स्पर्धांत तो चालत नाही. आडवे पडून मारताना हाताला आवळलेला पट्टा आधार देतो. ही सवय टेकूवर नडते. ताणलेला पट्टा रायफल एका बाजूला ओढतो, म्हणून टेकूवर तो सैल सोडावा लागतो. लांब पल्ल्याच्या एफ-क्लास स्पर्धेत मात्र टेकू नियमानेच चालतो. तिच्या एफ-टीआर गटात बायपॉडसह रायफलचे वजन ८.२५ किग्रॅ. पेक्षा जास्त असून चालत नाही.

कार्यतत्त्व : टेकू डळमळ थांबवत नाही, ती एका टोकाला कमी करतो. पुढचा टेकू आणि खांदा यांत ५० सेंमी. अंतर असेल आणि दस्त्याचे मागचे टोक १ मिमी. हलले, तर १०० मी. वर गोळी २० सेंमी. सरकते. दुकानाच्या फरशीवर घट्ट वाटणारी तिपायी रानात निराश करते ती बहुधा याच कारणाने. पुढचे टोक पक्के असते आणि मागचे श्वासाबरोबर वरखाली होत असते. म्हणून महागड्या पुढच्या टेकूपेक्षा मागच्या टोकाखाली पिशवी, पाठीवरची थैली किंवा गुडघ्यावर टेकलेले कोपर यांचा लाभ अधिक. युरोपात प्रचलित असलेली चार पायांची काठी रायफलला पुढे-मागे दोन ठिकाणी धरते. तिचा गुण हाच. जनावर चालू लागले की ती उचलून वळवावी लागते, हा दोष.

गोळी नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच धक्का सुरू होतो. .३०-०६ या काडतुसाच्या, ४ किग्रॅ. वजनाच्या रायफलीत तेवढ्या अवधीत रायफल सुमारे २ मिमी. मागे सरकलेली असते. हे सरकणे दर वेळी सारखे झाले तरच गोळ्या एका जागी पडतात. टेकू नळीला लागला तर नळीचे कंपन बदलते आणि नेम बहुधा वर जातो. आधार नेहमी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली, आणि दर वेळी त्याच जागी घ्यावा. उघड्या दगडावर किंवा जीपच्या पत्र्यावर रायफल उसळते. मध्ये हात किंवा घडी घातलेली पोती ठेवावी. जुन्या दुनळी एक्सप्रेस रायफलींच्या नळ्या हातात धरून मारतानाच्या धक्क्याला जुळवलेल्या असल्याने कठीण टेकूवर त्यांच्या दोन गोळ्या एकमेकींपासून दुरावतात. स्प्रिंगच्या एअर रायफलीला तर दुहेरी हिसका असतो. ती उघड्या तळहातावर सैल ठेवणेच बरे.

निवड : आधी नेम कोणत्या बैठकीत धरायचा आणि गवत किती उंच आहे हे ठरवावे, मग टेकू. आडवे पडून मारण्यासाठी १५ ते २३ सेंमी. उंचीचा बायपॉड पुरतो. त्याचे वजन साधारण ३०० ते ५०० ग्रॅ. असते. स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरउतारावर तो चालतो, पण आफ्रिकेतील गुडघाभर गवतात त्याच्यामागे आडव्या पडलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. जमिनीवर बसून ६० ते ७० सेंमी., गुडघ्यावर सुमारे १ मी. आणि उभ्याने हनुवटीच्या जवळपास उंची लागते. १७० सेंमी. उंचीच्या माणसाला उभ्याने सुमारे १४५ सेंमी. टेकू हवा. पाय फाकल्याने कमी होणारी उंची आणि गाठीवरचे शिंग (काठीचे बांधणीच्या वर उरलेले टोक) धरता काठीची लांबी १६० ते १६५ सेंमी. घ्यावी. लक्ष्य चढावर असेल तर आणखी काही सेंमी. उंच.

जोडकाठी स्वस्त, हलकी आणि पटकन उघडणारी. ती पुढे-मागे झुलते, आडवी मात्र बरी धरते. तिकाटणे दोन्ही दिशांना उभे राहते, म्हणून आफ्रिकेत वाटाड्या सहसा तेच खांद्यावर घेऊन चालतो. उतारावर त्याचे दोन पाय खालच्या अंगाला ठेवावेत. डाव्या हाताने गाठ आणि दस्ता एकत्र पकडून शरीराचा भार किंचित पुढे टाकावा. ट्रायपॉडवरचा चिमटा सर्वांत स्थिर, पण २ ते ३ किग्रॅ. वजन दिवसभर वाहणे सोपे नाही. शिवाय रायफल वर ठेवून हात सोडल्यास तो वरच्या भाराने उलटतो. बॉल-हेडची (ट्रायपॉडच्या माथ्यावरच्या गोल फिरत्या जोडाची) सांगितलेली क्षमता स्थिर कॅमेऱ्यासाठी असते. धक्क्यासाठी तिच्या बऱ्याच खालीच राहावे.

कोकणातील जवळजवळ भरीव ‘माणगा’ बांबूची जोडकाठी उत्तम होते. २ ते २.५ सेंमी. जाडीच्या दोन काठ्या घेऊन वरच्या टोकापासून १० सेंमी. खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी इंग्रजी आठच्या आकारात तीन-चार वेढे देऊन बांधावी. पेराची गाठ बांधणीच्या लगेच वर आली तर पट्टी निसटत नाही. बोल्टसाठी भोक पाडल्यास बांबू तेथेच चिरतो. शिंगांना आतून कातडे किंवा नमदा लावावा, नाहीतर दस्ता घासल्याचा आवाज शांत रानात लांबवर जातो. टोकाला जांभ्यावर रबर, ओल्या मातीत रुंद चकती. उघडा खिळा पहिल्यावर घसरतो आणि दुसरीत रुततो.

पिशवीच्या भरणाचा विचार वजनावरून करावा. एक लिटर कोरडी वाळू सुमारे १.६ किग्रॅ., तांदूळ ०.८ आणि प्लॅस्टिकचे दाणे ०.६ किग्रॅ. भरतात. वाळू सर्वांत घट्ट बसते, म्हणून गाडीत किंवा मचाणावर ठेवायच्या पिशवीला ती योग्य. चौपाटीवरची वाळू मात्र गोड्या पाण्याने अनेकदा धुतल्याशिवाय भरू नये. तिच्यातील मीठ हवेतील ओल ओढते आणि पिशवीलगतची नळी गंजते. मुंबईच्या पावसाळ्यात तांदळाला पोरकिडे लागतात व ओलीने कडधान्य फुगते, तेव्हा पाठीवरून न्यायच्या पिशवीत प्लॅस्टिकचेच दाणे भरावेत. पिशवी तीन-चतुर्थांशच भरावी. ठासून भरलेली पिशवी रायफलीला बसायला खोबणी देत नाही. खाऱ्या हवेत बायपॉडच्या उघड्या स्प्रिंगा व पायांचे खटके पुसून त्यांना तेलाचा पातळ हात द्यावा. पिळून आवळायच्या पायांत वाळू गेल्यास ते सुटे करून धुवावेत, कारण तेल घातल्यास वाळू आणखी चिकटते.

तपासणी : रायफल ज्या टेकूवरून वापरायची त्याच्यावरच नेम जुळवून घ्यावा. १०० मी. वर पिशवीवरून तीन आणि काठीवरून तीन गोळ्या मारून दोन्ही गटांचे मध्य मोजावेत. पुन्हा मारूनही ३ सेंमी. पेक्षा जास्त फरक तसाच राहिला, तर टेकूवर भार टाकून नळी व दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून पाहावी. ती अडकली तर दोष टेकूचा नसून दस्त्याचा. .३१५ बोअरच्या लाकडी दस्त्याच्या रायफलीत पावसाळ्यात लाकूड फुगून असे होते. पट्टी मोकळी सरकत असेल, तर टेकूची जागा प्रत्येक गोळीला बदलत आहे का ते पाहावे. दस्त्यावर खडूची खूण केली की लगेच समजते.