अश्लील: शब्द आणि कायदा

अश्लील म्हटलं की आज आपल्या डोक्यात फक्त लैंगिक, चारचौघांत बोलू नये असं काहीतरी येतं, पण शब्द त्याहून बराच मोठा आहे. श्लील म्हणजे ज्याला श्री आहे, शोभा आहे, र चा ल झालाय एवढंच, आणि ती नाही ते अश्लील. मम्मट या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्यप्रकाश या ग्रंथात अश्लीलता हा काव्यातला दोष सांगितलाय आणि त्याचे तीन प्रकार केलेत. ऐकून लाज वाटते तो व्रीडा, किळस येते तो जुगुप्सा, आणि तिसरा अमंगल, म्हणजे मरण किंवा अशुभ सुचवणारा.

हा तिसरा प्रकार मराठी घरात अजून जिवंत आहे, फक्त त्याला कोणी अश्लील म्हणत नाही. माझी आजी दिवा "विझव" म्हटलं की लगेच टोकायची, "शांत कर म्हण". बांगडी फुटत नाही ती वाढवतात, आणि घरातून निघताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं.

कायद्याने मात्र यातला पहिला प्रकारच मुख्यतः उचलला, आणि तोही इंग्लंडमार्गे. तिथल्या १८६८ च्या हिकलिन केसची कसोटी इथल्या कोर्टांनीही वापरली, ती अशी होती की ज्यांचं मन अशा गोष्टींनी बिघडू शकतं अशांच्या हातात हे पुस्तक पडलं तर ते बिघडेल का, म्हणजे लेखकाचा हेतू काय होता हे बाजूलाच राहिलं. याचा सगळ्यात जास्त त्रास र. धों. कर्वे यांना झाला असं मला वाटतं. १९२७ पासून ते समाजस्वास्थ्य मासिक चालवत होते, संततिनियमन, गुप्तरोग, वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं, आणि त्यासाठी त्यांच्यावर खटले झाले, दंड भरावा लागला. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले तरी निकाल विरोधातच गेला. कर्वे १९५३ मध्ये गेले, आणि विज्ञान, साहित्य, कला यांसाठी लोकहिताचं प्रकाशन असेल तर सूट हे भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये आलं १९६९ मध्ये. सोळा वर्षं उशिरा.

त्याच १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेला अश्लीलतेच्या आरोपातून सोडवलं, ती रंभा मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती आणि हायकोर्टाने लेखकाला दोषी धरलं होतं. हिकलिनची कसोटी उघडपणे बाजूला पडली २०१४ मध्ये, सुप्रीम कोर्टाच्या अवीक सरकार केसमध्ये. आता पूर्ण कृती, तिचा संदर्भ आणि आजच्या समाजाचं मोजमाप बघतात.

अश्लील आणि असभ्य हे कायद्यात एकच नाहीत, इथे बहुतेकांचा घोळ होतो. बोलण्याच्या स्वातंत्र्यावर कशासाठी बंधनं घालता येतात ते सांगणाऱ्या संविधानाच्या कलम १९(२) मध्ये सभ्यता असा शब्द आहे, आणि पार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतल्या प्रचाराच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये सांगितलं की सभ्यता म्हणजे फक्त लैंगिक नीती नव्हे, धर्माच्या नावाने मत मागणंही सभ्यतेत बसत नाही. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६ चा कायदाही असाच रुंद आहे, बाईला कमी लेखणारं चित्रण त्याच्या कक्षेत येतं. मला हा अर्थ जास्त पटतो, कारण अंगावर कपडे कमी आहेत यापेक्षा माणसाला हिणवलंय का हे महत्त्वाचं.

शिव्यांचं वेगळं आहे. २०२४ मध्ये एका वेबसिरीजच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नुसती शिवराळ भाषा अश्लील ठरत नाही, ऐकून किळस आली, धक्का बसला तरी. म्हणजे मम्मटाची जुगुप्सा कायद्याने इथे वेगळी काढली. सार्वजनिक जागी अश्लील शब्द वापरले तर पूर्वी दंड संहितेचं कलम २९४ लागायचं, आता भारतीय न्याय संहितेचं २९६ लागतं, आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण त्याने आजूबाजूच्या लोकांना त्रास झाला हे दाखवावं लागतं.