पाण्याचं बिल विजेच्या कागदावर

कोकणातल्या बऱ्याच घरांत विहीर परसातच असते. नळपट्टी असली तरी बहुतेक गावांत ती वर्षाची ठरलेली रक्कम, चार हंडे कमी वापरले म्हणून घटणारी नव्हे. त्यामुळे ‘पाणी वाचवा, बिल वाचवा’ हे शहरी वाक्य इथे कुणी फारसं मनावर घेत नाही. पण पाण्याचं बिल येतं, दर महिन्याला येतं. फक्त ते विजेच्या बिलात मिसळलेलं असतं.

थोडं गणित करू. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो वजन. विहिरीतल्या पाण्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत १५ मीटर चढ धरला, तर ते उचलायला साधारण १ लाख ४७ हजार जूल ऊर्जा लागते. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. घरगुती पंप तसा उधळ्याच. मोटारीची उष्णता, पाइपातलं घर्षण, जागोजागचे बाक यांत बरीच वीज जाते. चौथा हिस्साच पाण्याच्या कामी आला असं धरलं, तरी हजार लिटरमागे खर्च होतो युनिटचा सहावा भाग.

आता न्हाणीघरात या. वीस लिटरची बादली, पाणी २६ अंशांवरून ४१ अंशांवर न्यायचं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४,१९० जूल लागतात. म्हणजे बादलीला साडेबारा लाख जूल, युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त. एका माणसाच्या आंघोळीचं पाणी गरम करायला जी वीज लागते, तिच्यात विहिरीतलं दोन हजार लिटर पाणी टाकीत चढतं! आधी कडकडीत काढून मग विसण घातलं तरी हिशोब बदलत नाही. शॉवर मात्र हिशोब पार बिघडवतो. मिनिटाला आठ-दहा लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं की चार-पाच बादल्या संपतात.

म्हणून बिलाच्या दृष्टीने गळक्या नळापेक्षा गिझरकडे आधी बघावं. चार माणसांच्या घरात रोज एकेक बादली गरम पाणी म्हणजे महिन्याला चाळीसेक युनिट. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात आणि १०० युनिटांनंतरचं युनिट महाग पडतं. वाचणारी युनिटं याच वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतात. ज्यांच्या न्हाणीत अजून बंब आहे आणि सोडणं, करवंट्या, झावळ्या परसातच पडतात, त्यांनी तो भंगारात घालायची घाई करू नये. धुराचा त्रास आहे, हे खरं.

इथे विहिरीचा एक फायदा फुकटात मिळतो. जमिनीखाली काही मीटरवर तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं, त्या जागेच्या वार्षिक सरासरीइतकं. कोकण किनाऱ्यावर ते २६-२७ अंशांच्या आसपास येतं. म्हणून थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं आणि वैशाखात गार. टाकीतलं पाणी मात्र डिसेंबरच्या रात्री गारठतं. समजा ते पहाटे २१ अंशांवर आलं, तर ४१पर्यंत नेताना २० अंश चढवावे लागतील. ताज्या उपशाला १५च. गिझरच्या विजेत पाव हिस्सा बचत, केवळ मोटार संध्याकाळऐवजी सकाळी लावून. उलट एप्रिल-मेमध्ये काळ्या टाकीतलं पाणी दुपारी आपोआप तापतं, तेव्हा गिझरचं बटण बंदच ठेवावं.

थेंब थेंब गळणाऱ्या नळाची बदनामी जरा जास्तच झाली आहे. सेकंदाला एक थेंब आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार-साडेचार लिटर जातात. नळाचा थेंब याहून मोठा असतो, तरी खरा चोर फ्लशची टाकी. तिचा वॉशर झिजला की पाणी आवाज न करता भांड्यात झिरपत राहतं. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर बदला.

मग विजेत इतकं स्वस्त पडणारं विहिरीचं पाणी मनसोक्त उपसावं का? पुळणीलगतच्या आणि खाडीकाठच्या वाड्यांत तर मुळीच नाही. तिथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड. डच अभियंता बादोन गीबेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि जर्मनीच्या हर्झबर्ग यांनी १९०१ मध्ये याचं गणित मांडलं: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडं पाणी टिकतं. हेच उलट वाचा. उपशामुळे पातळी कायमची १० सेंटिमीटर उतरली, तर खालचं खारं पाणी हळूहळू चार मीटर वर सरकतं. विहीर मचूळ होते ती अशी. एकदा मचूळ झालेली विहीर लवकर सुधारत नाही, आणि मग टँकर मागवावा लागतो, ज्याचं बिल सगळ्यांना दिसतं. मे महिन्यात ओसंडणारी टाकी विजेपेक्षा यासाठी महाग पडते. तेव्हा टाकीला फ्लोट व्हॉल्व्हऐवजी मोटार बंद करणारा फ्लोट स्विच बसवावा आणि एका दमात उपसण्याऐवजी थांबत थांबत, थोडं थोडं पाणी काढावं. जोराने उपसलं की नेमकं विहिरीखालीच खारं पाणी सुळक्यासारखं वर चढतं.

पातळी वर ठेवायला पाऊस आहेच. १०० चौरस मीटरच्या छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. कौलांवरून उडणारं, वाफ होणारं वजा करून अडीच लाख तरी पन्हळीतून मिळतात. ते विहिरीत सोडायचं तर वाळू-खडीच्या गाळणीतूनच, आणि मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरी बाहेर काढून. त्या सरींत कौलांवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि आठ महिन्यांचा पालापाचोळा असतो.