भरतकामाचा धागा किती पाणी धरतो?

लड तीच, सुई तीच आणि टाके घालणारा हातही तोच. तरी श्रावणात सरळ बसणारा धागा मे महिन्यात फुसफुशीत होतो, बोटांना चिकटतो, मध्येच तुटतो. "लय गुतते वो हा धागा," ही तक्रार आमच्याकडे यवतमाळ-वर्ध्याच्या खेड्यांत उन्हाळाभर ऐकू येते. त्यात हाताचा दोष फार थोडा असतो. कारण शोधायचं ते हवेत आणि धागा ज्या द्रव्याचा बनलाय त्यात.

कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोज, आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. बेताच्या दमट हवेत कोरड्या वाटणाऱ्या सुतातही वजनाच्या आठेक टक्के पाणी असतं. रेशमात ते ११ टक्क्यांच्या आसपास, रेयॉनमध्ये ११ ते १३ टक्के, तर पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नसतं. मे महिन्याच्या दुपारी हवा पार कोरडी पडली, की सुतातलं पाणी निम्म्याच्या खाली उतरतं. कापूस ओला असताना अधिक मजबूत असतो आणि वाळला की कमजोर होतो. तंतू ताठर होतात, सुईच्या नेढ्यात घासून त्यांची टोकं उभी राहतात. पॉलिएस्टरचं दुखणं वेगळं. घर्षणातून तयार झालेला वीजभार वाहून न्यायला त्यात पाणीच नसतं, म्हणून तो धाग्यावर साचतो आणि धागा कापडाला चिकटत राहतो. अशा दिवसांत पाण्याचा कूलर चालू असलेल्या खोलीत भरतकामाला बसावं. धाग्याला हवी ती ओल तिथे आपोआप मिळते.

विदर्भात इतका कापूस पिकतो, पण बोंडातला तंतू आणि लडीतला चकाकता धागा यांच्यात काय घडतं हे फार कमी जणांना माहीत असतं. बोंडातला तंतू वाळला की चपटा होतो आणि स्वतःभोवती पिळला जातो. अशा वेड्यावाकड्या पृष्ठभागावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून साधं सूत निस्तेज दिसतं. इंग्लंडमधल्या जॉन मर्सरने १८५० मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करण्याचं पेटंट घेतलं. या द्रावात तंतू फुगतो, त्याचे पीळ सुटतात, तो जवळजवळ गोल होतो. पण मोकळं सोडलं तर सूत आटतं. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने तेच सूत ताणून धरून प्रक्रिया केली, तेव्हा आटणं थांबलं आणि रेशमासारखी झळाळी आली. गुळगुळीत, गोल तंतूवरून प्रकाश एका दिशेने परततो, आणि ती झळाळी त्यामुळेच. शिवाय असं सूत रंग जास्त पितं आणि तुटायलाही अधिक ताकद लागते. दुकानातल्या सहापदरी लडीचा धागा बहुधा असाच मर्सराइज केलेला असतो.

लडीतले सहा पदर एकत्र वापरायचे असले तरी आधी एकेक ओढून सुटे करावेत आणि मग पुन्हा जुळवावेत. मला हा या कामातला सगळ्यात मोलाचा धडा वाटतो. एकत्र असताना सगळ्या पदरांना सामाईक पीळ असतो. सुटे करून जुळवले की ते शेजारी शेजारी पसरतात, कापड चांगलं झाकतात आणि चमकही वाढते. टाके घालताना बोटांत सुई नकळत फिरते, त्यामुळे धाग्याचा पीळ वाढतो किंवा सुटतो. अधूनमधून सुई खाली लोंबकळत सोडली, तर धागा स्वतःच उलगडतो.

रेयॉनची चमक सुतापेक्षा जास्त, पण ते जपून वापरावं लागतं. लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज विरघळवून, पुन्हा तंतू ओढून ते तयार होतं. ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते, कापसाच्या अगदी उलट. गुंडाळल्यामुळे पडलेली वळणं ओल्या फडक्याने पुसून जातात, पण धागा वाळेपर्यंत ओढू नये. आमच्या भागात बंजारा तांड्यांवर आरसे आणि कवड्या लावून जे भरतकाम होतं, त्यात आरशाच्या कडेशी धागा सतत घासतो. तिथे जाड, पिळाचं सूतच हवं. रेयॉन तिथे टिकत नाही.

रेशमाच्या नावाने विकली जाणारी लडी खरी आहे का, हे कळायला एक तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. केस जळल्याचा वास आला तर रेशीम, कारण दोन्ही प्रथिनंच. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत किंवा रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीचं टसर याच परीक्षेत उतरतं. त्याचा तंतू तुतीच्या रेशमापेक्षा जाड आणि चपटा असतो, म्हणून त्याची चमक डोळ्यांत न भरता मंद राहते. मूळचा मधाळ रंग ठेवून पांढऱ्या सुती कापडावर भरलं तर त्याला दुसऱ्या रंगाची गरजच वाटत नाही.

हल्लीची बहुतेक स्वस्त जर म्हणजे प्लॅस्टिकच्या फितीवर बसवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. कापडातून घासत ओढला की तो खरवडतो. त्यासाठी मोठ्या नेढ्याची सुई घ्यावी, म्हणजे भोक मोठं पडतं. धागा वीतभरापेक्षा थोडाच लांब ठेवावा आणि इस्त्री उलट्या बाजूने, कमी तापवून फिरवावी. आजीच्या लुगड्याची खरी जर मात्र वेगळी. ती सोन्याचं पाणी दिलेली चांदी असते, आणि हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे चांदीवर सल्फाइडचा काळा थर चढतो. रबरबँडमध्येही गंधक असतं, म्हणून अशा लुगड्याची घडी रबरबँडने बांधू नये. धुतलेल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळावी.